दुपार माझी होती, कुसुम

ये गं कुसुम, बस अशी माझ्या जवळ. लांब नको बसूस, लांब बसलीस तर मला ओरडून बोलावं लागेल, आणि ओरडण्यात माझा अर्धा जन्म गेलाय. बस. आणि आज आधी माझं ऐकून घे, मग तुझं बोल. असं कुणी जातं का? सकाळी तुझ्या लेकीला, सविताला म्हणालीस की डोकं जड झालंय, जरा पडते, आणि संध्याकाळी सगळी बिल्डिंग तुझ्या दारात उभी. मला कधी कळलं माहितेय? दुसऱ्या दिवशी, बाजारात, पुढ्यात मांदेली मांडलेली असताना. एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, "तुमच्या त्या ताई गेल्या ना, फार वाईट झालं." मी म्हटलं, कोण ताई? मी तुला कधी ताई म्हटलंच नाही, मला कसं कळणार? मी मांदेली तशीच शेजारणीच्या ताब्यात देऊन धावत आले, तर तोवर तुला नेलेलं. जिन्यात फक्त फुलांच्या पाकळ्या पडलेल्या.

सविता म्हणाली, "मावशी, आईवर एक लहानसं पुस्तक काढतोय. सगळ्यांनी थोडं थोडं लिहायचं. तुम्ही पण लिहा." मी म्हटलं, मला कुठं लिहायला येतं तसं पुस्तकातलं. ती म्हणाली, "बोलता तसं लिहा." तर मी बोलते तसं लिहितेय. चांगलं-चांगलं बाकीच्या लिहितीलच. त्या सगळ्या तू शिकवलेल्या आहेत. मला तू शिकवलेलं नाहीस. माझं तुझ्याशी जे काय आहे ते सगळं इथूनच सुरू होतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आलेली. विहाराच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मला वाटलेलं बिल्डिंगीतली माणसं असतील, तुझे परभणीचे दीर-जावा असतील, दवाखान्यातल्या बाया असतील. इथं बघते तर माजिवड्याची वस्तीच्या वस्ती उठून आलेली. डोंबिवलीच्या, कल्याणच्या, आणि खडवलीहून तर टेम्पो भरून. कुणी कानडी बोलतेय, कुणी हिंदी, कुणी तुझ्यासारखी मराठवाड्याकडची. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, आणि मग एकेक जण उठून बोलायला लागली. ताई माझी आई होती. ताई माझी बहीण होती. ताईनं माझा हात धरून पहिलं अक्षर काढलं. हात धरून, कुसुम. मी मागं चपलांच्या ढिगाजवळ बसलेली आणि रडू येतंय की राग येतोय तेच कळेना. शेजारच्या पोरीनं विचारलं, "मावशी, तुम्ही कोणाकडच्या?" मी म्हटलं, "कुसुमकडची." ती म्हणाली, "कुसुम कोण?" फोटोखाली नाव होतं, पण तिच्या तोंडात ते कधी बसलंच नव्हतं.

आणि पुढं, सविताचा हात हातात घेऊन, लक्ष्मव्वा. तुझी लक्ष्मव्वा. ती जागा कुणाची होती, तूच सांग.

बाकीच्यांना दुःख झालंय, मलाही झालंय, मी काय दगड नाही. पण माझ्या दुःखावर हेवा बसलाय, भांड्यावर झाकण बसावं तसा. तो उचलल्याशिवाय मला खालचं दिसत नाही. म्हणून आधी तो उचलते.

आपलं कसं सुरू झालं ते त्या हॉलमधल्या एकीलाही माहीत नव्हतं. तेव्हा रंगीत टीव्ही नुकते आलेले आणि तुमच्या बिल्डिंगीत एकाच घरात होता. आमच्या खाडीच्या म्हावऱ्याला कारखान्याच्या पाण्याचा वास यायला लागलेला, म्हणून मी पहाटे मुंबईच्या धक्क्यावरून माल आणायची आणि डोक्यावर टोपली घेऊन वर्तकनगरात दारोदार फिरायची. तू परभणीहून नवी आलेली. नवऱ्याला वागळे इस्टेटला काम लागलं आणि तू दवाखान्यात पट्ट्या बांधायचं काम धरलेलंस. नदीचा मासा तुला ठाऊक, समुद्राचा नाही. पहिल्याच दिवशी बोंबील दोन बोटांत धरून म्हणालीस, "हे नासलंय. मऊ पडलंय."

"अगं बाय, तो मऊच असतो. तो काय मक्याचं कणीस आहे?"

"मग खायचं कसं?"

"दातानं. परभणीला कशानं खातात?"

तू दार लावून घेशील असं वाटलं मला. तू हसलीस आणि दार सताड उघडलंस. म्हणालीस, "मग आत या आणि दाखवा." मी टोपली उतरवली, तुझ्या मोरीत बसून बोंबील साफ केले, पोळपाटाखाली दाबून त्यांचं पाणी काढलं, तुला पीठ कालवायला लावलं, आणि पहिला तुकडा तळून होईपर्यंत तू मला अहो-जाहो करायची सोडून "हिरा" म्हणायला लागलीस. गावभर मी हिराबाई, बिल्डिंगीतल्या वहिनींची मावशी, नुसतं "ए कोळीण" म्हणणारेही होते. हिरा म्हणणारी माझी आई गेल्यानंतर तूच.

मग रोजचंच झालं. दुपारी तुझा दवाखाना सुटायचा, माझी टोपली रिकामी व्हायची, आणि मी तुझ्या उंबऱ्यावर टेकायची. चहा व्हायचा. तू दवाखान्यातलं सांगायचीस, मी बिल्डिंगीतलं. कुणाच्या सुनेनं कोलंबी घेऊन सासूला बोंबील सांगितले, कुणाचा नवरा पापलेट घरी न नेता दुसरीकडं नेतो. तू म्हणायचीस, "हिरा, तुला टोपलीपेक्षा बातम्याच जड होत असतील." माझ्या सासूनं एकदा विचारलं, रोज कुणाच्या घरचा चहा पितेस गं? मी सांगितलं, ज्या घरी मिळतो त्या घरचा. ती समजली. तू बौद्ध, मी कोळी, हे आपल्या दोघींमध्ये कधी आलं नाही. आलं ते दुसरंच.

माजिवड्याचा नाका आला. सकाळी तिथं बाया-माणसं घमेली-फावडी घेऊन उभी असायची, एखादा मुकादम येऊन बांधकामावर नेईल म्हणून. गुलबर्ग्याची, नांदेडची, यूपीची. ज्यांना काम मिळालं त्या गेल्या. ज्यांना नाही मिळालं त्या दहाच्या सुमाराला खाली मान घालून मागच्या वस्तीत परत. त्यातली एक, हात विटेखाली चेचलेली, पट्टी बांधायला तुझ्या दवाखान्यात आली. ती लक्ष्मव्वा. दवाखान्याच्या पाटीसमोरून ती तीनदा गेलेली आणि तरी लोकांना विचारत फिरत होती, दवाखाना कुठं. हे तू मला उंबऱ्यावर बसून सांगितलंस तेव्हा तुझा चहा गार झाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. तू कधी चहा गार होऊ देणारी नव्हेस.

पुढच्या आठवड्यात तू वस्तीत जायला लागलीस. रोज. दुपारी. माझ्या दुपारी.

तुझी शाळा काय होती हे त्या पुस्तकात सगळ्या लिहितील, पण मलाही ठाऊक आहे, मी लांबून का होईना सगळं बघत होते. ज्या दिवशी नाक्यावर काम मिळालं नाही, तो दिवस शाळेचा. तू म्हणायचीस, "हिरा, हात रिकामा राहिला की माणसाला वाटतं आपण कामाचेच नाही. मी तोच दिवस धरते." रोज बाया वेगळ्या. काल होती ती आज कामावर, आज आली ती काल नव्हती. मग धडा पुढं जाणार कसा? तर काल जी होती तिनं आजच्यांना सांगायचं. पुस्तक नाही. प्रत्येकीनं एक शब्द आणायचा, आपल्या मनातला, आणि तो का आणला ते सांगायचं. कुणी गावाचं नाव आणायची, कुणी गेलेल्या लेकराचं, एकीनं म्हणे "पगार" आणला, आणि त्या दिवशी अक्षर बाजूला राहिलं आणि सगळ्या मुकादम कोण किती बुडवतो त्यावरच बोलत बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या मिळून त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. तू हे सांगताना तुझे डोळे असे व्हायचे की मला वाटायचं, माझ्या कुठल्याच बातमीला हिचे डोळे असे झाले नाहीत.

मग मी म्हटलं, "मला पण शिकव."

तू म्हणालीस, "ये की वस्तीत."

"मी कशी येऊ? नाक्यावरच्यांना काम नसलं की शाळा. म्हावरं काय थांबतं माझ्यासाठी? मला इथं शिकव. उंबऱ्यावर."

"एकटीला नाही शिकवत मी."

"का? मी काय घाण करते?"

"हिरा, एकटीनं शिकलं की ते एकटीचं होतं."

"मला एकटीचंच हवंय."

"तेच तर."

"मी तुला बोंबील शिकवला तेव्हा बाजूच्या चौघींना बोलावलेलं का?"

"नाही बोलावलंस," तू म्हणालीस, "म्हणून त्यांचे अजून बिघडतात."

हसू आलं मला, पण मी हसले नाही. टोपली उचलली आणि गेले. हे भांडण आपलं संपलंच नाही, कुसुम. वर्षानुवर्षं ते मध्येच कुठंतरी पडून होतं, आपण त्याला वळसा घालून चहा पीत होतो. आज तू उठून उत्तर देऊ शकत नाहीस, म्हणून सांगते: तुझं बरोबर असेल, पण माझंही चूक नव्हतं. काही गोष्टी दोघींच्याच असाव्या लागतात. सगळ्या पंगतीला वाढायच्या नसतात.

एकदा मी आलेली तुझ्या वर्गात. पावसाळा होता, होड्या वर ओढलेल्या, माझ्याकडं विकायला फक्त सुकं म्हावरं, त्याला घाई नसते. वस्तीच्या मधल्या पिंपळाशेजारी प्लॅस्टिक बांधलेलं, खाली बाया गोल बसलेल्या. तू मधे नव्हतीस, गोलातच होतीस, हे मला बरं वाटलं. पण तुझ्या उजव्या बाजूला लक्ष्मव्वा आणि डाव्या बाजूला दुसरी कुणी. मला समोर जागा मिळाली. लक्ष्मव्वानं माझ्याकडं बघून तुला विचारलं, "ताई, ही कोण?"

आणि तू म्हणालीस, "आमच्याकडे म्हावरं देते ती."

झालं. माझी पाळी आली तेव्हा मला म्हणालात, तुमचा शब्द द्या. मी म्हटलं, मी शब्द विकत नाही, सुकट हवी तर सांगा. सगळ्या हसल्या, तूही हसलीस. तुला वाटलं हिरा मजा करतेय. मी पुन्हा तिथं पाय ठेवला नाही.

म्हावरं देते ती. मान्य आहे, देत होते. पण दहा बायांपुढं एवढंच? मी घरी जाऊन किती वेळा मनात तुला ते वाक्य दुरुस्त करून दिलं. माझी शेजारीण आहे, म्हणाली असतीस. माझी ओळखीची आहे, चाललं असतं. तुला कधी विचारलं नाही मी. विचारलं असतं तर तुला कळलं असतं मला किती लागलंय, आणि ते मला तुला द्यायचं नव्हतं.

म्हणून मी एकटी शिकले. रागानं शिकले. कशावरून, ते तुला माहितेय, पण सविताच्या पुस्तकात ते माझ्या तोंडून असायला हवं, म्हणून लिहून ठेवते. बिल्डिंगीतल्या दारांवरून. मला प्रत्येक दार तोंडपाठ. या दारात पाटील, या दारात कांबळे, इथं परब. दारावर पाटी, पाटीवर नाव. नाव मला ठाऊक, मग त्यातला पहिला आकार म्हणजे पहिला आवाज, एवढं कळायला पंडित लागत नाही. एक जोशी होते, ते कसले म्हावरं घेतायत, पण त्यांच्या दारावरून मला "ज" मिळाला म्हणून मी रोज तिथं दोन क्षण थांबायची. त्या बाई दार उघडून म्हणायच्या, "आमच्याकडे नको हो." मी म्हणायची, "नको असेल तर नको, मला जे हवं ते मिळालं." त्यांना मी वेडी वाटत असेन.

आणि मग ते सावंतांचं. दुसऱ्या मजल्यावर सावंतकाका, त्यांची पाटी मला पाठ. एक दिवस चौथ्या मजल्यावर मोरेवहिनींच्या दाराशी उभी आहे, पाटीकडं बघते तर तीच अक्षरं. सावंत. दोनदा वाचली. बोट लावून वाचली. खाली जाऊन काकांची पाटी बघून पुन्हा वर आले. तीच. एवढा देवमाणूस, आणि वर दुसरं घर? मोरेवहिनी किती साधी, कपाळभर कुंकू, आणि ही भानगड? मी ती बातमी दोन दिवस पोटात ठेवली, तिसऱ्या दिवशी तुझ्या उंबऱ्यावर आले. तू त्या दिवशी घरी होतीस, पाय मुरगळलेला म्हणून.

"कुसुम, कुणाला बोलू नकोस. सावंतकाकांनी वर दुसरी ठेवलीय."

"कुणी सांगितलं तुला?"

"दारानंच सांगितलं. पाटीच आहे तशी."

मग तुला सगळं एकदम कळलं, आणि तू अशी हसलीस, अशी हसलीस की दुखरा पाय धरून कळवळलीस आणि तरी हसत होतीस. "अगं बये, ती खोली सावंतांची आहे. मोरे भाडेकरू आहेत. पाटी मालकाची तशीच राहिलीय." मलाही हसू फुटलं. मग तू थांबलीस. डोळे पुसलेस. म्हणालीस, "म्हणजे तू वाचलंस."

"वाचलं."

"कुणी शिकवलं?"

"तू नाही."

तेवढंच बोलणं झालं. तू चहा टाकायला उठलीस, लंगडत, आणि पाठ करून बराच वेळ ओट्याशी उभी राहिलीस. मला वाटलं, आता वळेल आणि म्हणेल काहीतरी. साखर विचारलीस.

ती गोष्ट माझी होती, कुसुम. माझी फजिती, माझं वाचन, माझं आणि तुझं हसणं. आणि तू काय केलंस? पाय बरा झाल्यावर पहिल्याच दिवशी वस्तीत नेलीस. तिथं सांगितलीस की बघा, आत राहतं एक माणूस आणि दारावर नाव दुसऱ्याचं, आणि आपल्या तर दारावर कुणाचंच नाव नाही. बाया म्हणाल्या, मग लिहू. पत्र्यावर, फळकुटावर, ज्यांना दारच नव्हतं त्यांनी खांबावर, चुन्यानं आणि कोळशानं आपापली नावं लिहिली. नवऱ्यांची नाही, स्वतःची. नवरे चिडले म्हणे. एक जण म्हणाला, "माझं नाव कुठंय?" त्याच्या बायकोनं सांगितलं, "तू शिक आणि लिही."

मग झोपड्यांची मोजणी करणारे आले. ते नेहमी दिवसा यायचे, तेव्हा अर्ध्या झोपड्या बंद, माणसं कामावर, आणि बंद झोपडी म्हणजे रिकामी झोपडी असं धरून पुढं जायचे. त्या दिवशी ज्यांना काम नव्हतं त्या बाया त्यांच्याबरोबर दारोदार फिरल्या. बंद दारापुढं थांबून वरचं नाव मोठ्यानं वाचायच्या, "ही सुगंधा, बांधकामावर गेलीय. ही रेश्मा, हिला दोन पोरं." लक्ष्मव्वा सगळ्यात पुढं. सगळी वस्ती मोजली गेली. वस्तीत नळ आला तो त्याच्यानंतर. तू मला नळाच्या पहिल्या दिवशी न्यायला आलीस, मी म्हटलं माझी कंबर दुखतेय. दुखत नव्हती.

मला आनंद झाला नव्हता असं नाही. बायांना पाणी मिळालं, कुणाला वाईट वाटेल? पण आनंद करायला मला दुसरीकडून बोलावणं आल्यासारखं वाटत होतं. माझ्याच घरातून निघालेली वरात आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघतेय. आणि वर हे की मी इथली. माझ्या आज्या-पणज्या याच खाडीत जाळी टाकून गेल्या. त्या परवा परवा आलेल्या, कुणी कर्नाटकातून, कुणी यूपीतून. आणि तुझ्या घरात त्या इथल्या झाल्या, मी बाहेरची.

मग तुझं ठाण्यात भागेना. आधी डोंबिवली, मग कल्याण, मग खडवलीच्या वीटभट्ट्या. लक्ष्मव्वाची बहीण तिकडं होती म्हणून. दवाखान्यातून सुटलीस की तुझी ती शाळेची थैली खांद्याला, आणि निघालीस. आठवड्यातून एखादी दुपार मला उरायची, तीही अर्धी, कारण कुणीतरी दारात येऊन "ताई" म्हणायचं. मी उठून जायची. तू म्हणायचीस, "बस की, कुठं चाललीस?" मी म्हणायची, "तुझ्या लेकी आल्या." तुला टोमणा कळायचा. तू सोडून द्यायचीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

शेवटची दुपार आठवते तुला? गुडघे सुजलेले, तू खुर्चीत, मी खाली. मी आता टोपली घेऊन फिरायची बंद झालेली, बाजारात बसायला लागलेली, मुद्दाम तुझ्यासाठी वाम मासा घेऊन आलेली. तू म्हणालीस, "हिरा, एकदा माझ्याबरोबर खडवलीला चल."

"काय आहे तिथं? नदी? मी काय नदी बघितली नाही?"

"तुला काहीतरी दाखवायचंय."

"इथंच सांग."

"सांगण्यासारखं नाही, दाखवण्यासारखं आहे. चल ना. मी त्यांना सांगून ठेवलंय, तुला आणते म्हणून."

"मला नाही यायचं तुझ्या लेकींमध्ये. तिथं पण सांगशील, म्हावरं देते ती."

निघून गेलं तोंडातून. इतक्या वर्षांनी. तुला ते आठवतच नव्हतं. मी बघितलं, तुला खरंच आठवत नव्हतं. मी ज्या वाक्याबरोबर म्हातारी झाले ते तू त्याच दिवशी पिंपळाखाली सोडून आलेलीस. तेवढ्यात दारात कुणीतरी "ताई" म्हणून आलं आणि मी उठले.

तर पुण्यानुमोदन झालं, लोक उठले, खीर-पुरी वाढायला लागले. मी चपला शोधत होते. ती शेजारची पोर, कुसुम कोण म्हणणारी, खडवलीच्या टेम्पोतली, माझ्यामागं आली. सविताकडून तिला माझं नाव कळलेलं. म्हणाली, "मावशी, तुम्ही त्या हिरा का? दारांवरून शिकलेल्या?"

मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?"

ती हसली. "मावशी, तुम्हाला कोण ओळखत नाही? ताई नव्या भट्टीवर आल्या की पहिल्या दिवशी शब्द नसतो. पहिल्या दिवशी तुमची गोष्ट. सावंतकाकांची. लोक पोट धरून हसतात. कल्याणला पण तीच, डोंबिवलीला पण. ताई सुरुवातच करतात, माझी एक मैत्रीण आहे, हिरा."

मी म्हटलं, "आणि पुढं काय म्हणते?"

"म्हणतात, हिला मी शिकवलं नाही, म्हणून ही माझ्यावर चिडून शिकली. एवढ्या बाया मला भेटल्या, पण माझी गरज लागली नाही अशी ही एकटीच. तुम्हाला पण माझी गरज लागू नये, म्हणून मी येते." मग ती म्हणाली, "ताई तुम्हाला आणणार होत्या. आम्ही वाट बघत होतो. सगळ्यांना बघायचंय तुम्हाला. आता तुम्हीच या, आणि तुमच्या तोंडून सांगा."

खीर खाल्ली, तेवढं आठवतं, आणि ती गोड होती की नव्हती ते सांगता येणार नाही.

घरी आले आणि तेव्हापासून हेच डोक्यात. माझी मैत्रीण. म्हणालीस तर. मी ज्यांचा हेवा केला त्या सगळ्यांना म्हणालीस. वीटभट्टीवरच्या पोरीला ठाऊक, गुलबर्ग्याच्या बाईला ठाऊक, आणि मला नाही. हा कसला न्याय, कुसुम? माझ्या वाटणीचं वाक्य तू गावभर वाटून टाकलंस आणि माझ्यासमोर फक्त साखर विचारलीस. म्हणजे इतकी वर्षं मी त्या सगळ्यांचा हेवा केला तो कमीच केला. त्यांच्याकडं माझंच होतं आणि मला पत्ता नव्हता.

आणि ते दुसरं. माझी गरज लागली नाही अशी एकटीच. हे कुठून काढलंस? तू त्या दिवशी ओट्याशी पाठ करून उभी होतीस तेव्हा हेच ठरवलंस का, की हिराला आता मी नको? अक्षरांसाठी नव्हती गं गरज. अक्षरं काय, दारोदार मिळतात. मला तू पाहिजे होतीस, उंबऱ्यावर, चहाबरोबर, दुसऱ्या कुणाच्या हाकेशिवाय. तू जन्मभर बायांना शिकवलंस की आपल्याला काय हवंय ते तोंडानं मागायचं. मी ते तुझ्या वर्गात बसून शिकले असते तर तुला तोंडावर सांगितलं असतं. मी एकटीनं शिकले, म्हणून मला फक्त वाचता-लिहिता आलं, मागता आलं नाही.

आता चिडू नकोस, हसशील तर हस. उपकार मानायचे तर तेही मानते, हिरा म्हणालीस त्याचे, दार सताड उघडलंस त्याचे, माझी फजिती अर्ध्या जिल्ह्याला कामाला आली त्याचे. खडवलीच्या पोरीनं दोनदा फोन केलाय बाजूच्या पिवळ्या एसटीडी बूथवर, मावशी कधी येता. मी तिला म्हटलं, बघते. जाईनही. पण तुझ्या जागेवर बसून तुझी माणसं सांभाळायला मी जाणार नाही, ते लक्ष्मव्वानं करावं, तिला येतं. मी जाईन ते एवढं सांगायला की ताईनं गोष्टीचा शेवट चुकीचा सांगितला.

त्याच्या आधी तू ये. माझ्याकडं तू कितीदा आलीस, आठव. मीच येत होते नेहमी. कोळीवाड्यात शिरलीस की तिसरं घर, दारावर मी आता माझं नाव लावलंय, शोधायला नको. स्वप्नात ये, नाहीतर कशी जमेल तशी ये, पण लवकर ये, या आठवड्यातच ये. थैली घरी ठेव, लेकींना सांगू नकोस, कुणी हाक मारली तरी उठू नकोस. बाजारातून मी आता लवकर परतते. दुपारी मी घरीच असते.